सशाचं युनिट घ्यायला पाटल्या मोडू का?

"डॉक्टर, नमस्कार. आम्ही जत तालुक्यातले. दीड एकर रान, त्यातलं 20 गुंठे विहिरीवर, बाकी जिराईत. फेब्रुवारीनंतर विहीर तळाला जाते. दारात दोन शेळ्या आहेत. हे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. गावात एक माणूस येतोय, ससेपालनाचं युनिट देतो म्हणतो. 3 नर, 7 माद्या, पिंजरे, औषधं आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळून 75,000 रुपये. तीन महिन्यांचं पिल्लू कंपनी 500 रुपयांना परत घेणार, दोन वर्षांची हमी, स्टॅम्प पेपरवर करार. वर्षाला दोन लाखांच्या आसपास येतील असा हिशोब त्यानं लिहून दिलाय. माझ्या आईनं घातलेल्या पाटल्या आहेत, त्या मोडल्या तर पैसे उभे राहतात. सासूबाई माळकरी आहेत, त्या म्हणतात घरात कापाकापीचा धंदा नको. हे म्हणतात तुझं तू ठरव. येत्या रविवारी तो माणूस ॲडव्हान्स न्यायला येणार आहे. काय करू?"
— एक वाचक भगिनी, ता. जत, जि. सांगली

ताई, नमस्कार.

रविवारी त्याला एक रुपयाही देऊ नका आणि पाटल्या मोडू नका. बाकीचं पत्र वाचायला वेळ मिळाला नाही तरी एवढं धरून चाला.

ससे पाळायचे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. ससे पाळता येतात. जागा थोडी लागते, घरचं काम सांभाळून बाईमाणसाला जमतं, हाताशी चारा असेल तर दोन पैसे सुटतात. पण तुमच्यापुढं आज जे ठेवलंय तो ससेपालनाचा धंदा नाही. ते युनिट विकायचं दुकान आहे, आणि त्यातलं गिऱ्हाईक तुम्ही आहात.

त्यानं लिहून दिलेला हिशोब तुम्ही पत्रासोबत पाठवलात, बरं केलंत. 7 माद्या, वर्षाला 7 वेतं, दर वेताला 8 पिल्लं, म्हणजे 392 पिल्लं. गुणिले 500. झाले 1,96,000. गुणाकार बरोबर आहे. पण बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशातली गत. त्या कागदावर एकही पिल्लू मेलेलं नाही, एकही मादी रिकामी राहिलेली नाही, जतचा एप्रिल-मे महिना आलेलाच नाही आणि खाद्याला पैसे पडलेले नाहीत. मादी 30-31 दिवसांत विते हे खरं. एका वेताला 6 ते 8 पिल्लं होतात हेही खरं. आपल्याकडच्या उन्हात मात्र वर्षाला चार वेतं नीट निभावली आणि दर वेताची पाच पिल्लं हाताला लागली, तर मी त्या बाईला शाबासकी देईन. सात माद्यांची ती 140 होतात. 392 कुठं, 140 कुठं!

आता यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न. कंपनी तुमच्याकडून 500 रुपयांना पिल्लू नेणार, ते नेऊन त्याचं करणार काय? शेवटी तो ससा कुणाच्या ताटात जातो, कोणत्या गावातल्या कोणत्या दुकानात जातो? हे त्याला विचारा. बहुतेक ठिकाणी याचं खरं उत्तर असं असतं की ते पिल्लू मोठं करून पुढच्या गावातल्या तुमच्यासारख्याच कुणाला नव्या युनिटात घालून विकायचं. नवी युनिटं खपत असतात तोवर तुमचे 500 रुपये वेळेवर येतात. पहिल्या दोन-तीन खेपेला तर हटकून येतात, कारण ते पाहूनच शेजारीपाजारी पैसे भरतात. नवं गिऱ्हाईक मिळेनासं झालं की फोन लागत नाही. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2010-11 च्या सुमाराला मी सोलापूर जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी होतो. तेव्हा ईमूची लाट होती. एका कंपनीनं मेळावा घेतला आणि मला व्यासपीठावर बसवलं. मी पाच मिनिटं बोललो. पक्षी काटक आहे, आपल्या हवेत टिकतो, रोगराई कमी आहे, असं सांगितलं. बोललो त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण हा पक्षी विकायचा कुणाला, हे मी बोललो नाही आणि त्यांना विचारलंही नाही. दीड-दोन वर्षांनी एका वस्तीवर म्हैस अडली म्हणून गेलो. घरामागं जाळीच्या कुंपणात 11 ईमू उभे होते. खाद्य परवडेना म्हणून त्या माउलीनं त्यांना बाभळीच्या शेंगा टाकल्या होत्या. पक्षी शेंगा चोचीनं उचलत होते आणि सोडून देत होते. म्हैस मोकळी झाली, मी हात धुतले, तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, हे कुठं सोडून देता येतात का हो? तुम्ही मेळाव्यात होता म्हणून आम्ही घेतले." त्यानंतर कुणी नवं जनावर दाखवलं की पहिला प्रश्न मी गिऱ्हाइकाचा विचारतो.

पुढं 2012 मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईची ईमूची मोठी कंपनी बुडाली आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. 2019 चं कडकनाथ प्रकरण तर तुमच्याच जिल्ह्यातलं, इस्लामपूरचं. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याची किती घरं त्यात पोळली, ते तुमच्या नात्यागोत्यातच कुणीतरी सांगेल. कडकनाथ कोंबडीत खोट नव्हती. झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खोट होती ती हमीभावाच्या कागदात. सशाचंही तसंच समजा.

बाजाराचं बोलू. केरळ, तामिळनाडू, ईशान्येकडं मेघालय-नागालँड इथं लोक सशाचं मटण खातात, विकत घेतात. आपल्याकडं 'सशाचं मटण' म्हटलं की माणसाला रानातला ससा आठवतो. पिंजऱ्यातला पांढरा ससा बघून बरेच जण हात आखडता घेतात. मटण चांगलं असतं, पांढरं, कमी चरबीचं, कोंबडीच्या जवळचं. 2 किलोच्या सशाचं साधारण किलोभर मटण पडतं. पण ते जतच्या बाजारात शेळीसारखं विकलं जात नाही. तुमच्या तालुक्यातली माडग्याळ मेंढी बघा. तिच्यासाठी व्यापारी वस्तीवर येतो आणि दावणीला सौदा होतो. शेळी विकायला तुम्हाला कधी गिऱ्हाईक शोधावं लागलं का? सशाला शोधावं लागतं. म्हणून जनावर आणायच्या आधी ह्यांना ट्रॅक्टरच्या खेपेत जत, कवठेमहांकाळ, मिरज रस्त्यावरच्या मांसाहारी हॉटेलांत विचारू द्या. महिन्याला पाच ससे कोण घेईल, काय भाव देईल, जिवंत घेईल की कापून हवा? तीन-चार ठिकाणांहून पक्का होकार आला तर पुढं जायचं. कुणीच हो म्हणालं नाही तर विषय तिथंच संपला, तुमचा एक पैसा गेला नाही.

'लोकर विकू', 'प्रयोगशाळेला देऊ' असंही हे लोक सांगतात. लोकरीचा ससा म्हणजे अंगोरा. तो थंड हवेचा, हिमाचलात कुल्लूकडं पाळतात. तुम्हाला देणार तो न्यूझीलंड व्हाइट नाहीतर सोव्हिएत चिंचिला असेल, त्याच्या अंगावर लोकर नसते. प्रयोगशाळेला तर केंद्राच्या समितीकडं नोंदणी असलेल्या पैदासकाराकडूनच जनावर घ्यावं लागतं. तुमच्या पत्र्याच्या शेडमधलं ते घेणार नाहीत.

रानातल्या सशाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. तो वेगळा प्राणी आहे. पिंजऱ्यातल्या सशाशी त्याची जोडी जमत नाही. त्याची पिल्लं उघड्या रानात, डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला धरायला, मारायला, पाळायला बंदी आहे. खुरपताना पिल्लू सापडलं तर जिथल्या तिथं राहू द्या. लेकरांनी हौसेनं घरी आणलं तरी परत ठेवून या. आई आसपासच असते.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं बाजूला सारू नका. माळकरी बाईच्या दारात सुरी चालणार नाही, हे मला पटतं, आणि त्यात धंद्याचाही प्रश्न आहे. कापणार कोण? हॉटेलवाला जिवंत नेत असेल तर निदान कापाकापी तुमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तो कापूनच मागत असेल तर तुम्हाला अन्न सुरक्षेची नोंदणी, स्वच्छ जागा, पाणी आणि कापणारा माणूस लागेल. ते तुमच्या घरात बसत नाही, करू नका. घरात लहान लेकरू आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर तेही लक्षात घ्या. ससा हातात बसतो, मऊ असतो, लेकरं पहिल्या दिवशी नाव ठेवतात आणि मग त्याला विकायला नेताना घर रडतं. मी असं घर बघितलंय. शेवटी सगळे ससे तसेच ठेवले त्यांनी, खाद्य घालत राहिले. सासूबाईंना समोर बसवून विचारा, 'जिवंत विकलेले चालतील का?' त्या नाही म्हणाल्या तर शेळ्याच वाढवा. दोनाच्या चार शेळ्या करणं तुमच्या तालुक्यात कधीच वाया जाणार नाही.

त्या हो म्हणाल्या आणि हॉटेलवाल्यांचाही होकार मिळाला, असं धरून पुढचं लिहितो.

दहाचं युनिट नको. एक नर आणि दोन माद्या, फार तर तीन. जवळपास ज्याच्याकडं दोन-तीन वर्षं ससे टिकलेत त्याच्याकडून घ्या. त्याचे ससे आपल्याकडचा उन्हाळा काढलेले असावेत, हीच माझी अट. केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं कोडाईकनालजवळ मन्नवनूरला केंद्र आहे, तिथं सशांवर चांगलं काम झालंय. पण ती थंड डोंगराची हवा. तिथलं जनावर उचलून जतच्या माळावर आणलं तर पहिल्याच मे महिन्यात हाताशी राहणार नाही. त्याच संस्थेचं मुख्य ठिकाण राजस्थानात टोंक जिल्ह्यात अविकानगरला आहे, तिथं ऊन आपल्यापेक्षा कमी नाही आणि ससे आहेत. म्हणजे उन्हात जमतं, पण मेहनतीनं जमतं.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. 32-33 अंशांपुढं तो कासावीस होतो. तेव्हा पाय पसरून पडतो, भराभर श्वास घेतो, तोंड ओलं होतं. नुसत्या पत्र्याखाली तुम्ही पिंजरे मांडले तर एका दुपारी सगळे गेलेले बघावे लागतील. पत्र्यावर उसाचं पाचट नाहीतर कडब्याच्या पेंढ्या अंथरा, बाजूला ओली पोती सोडा, लिंबाची सावली असेल तर पिंजरा तिच्याखालीच मांडा. दुपारी कानांना ओलं फडकं लावा. शेजारी कुणाकडं फ्रीज असेल तर बाटलीत पाणी गोठवून, तिला पोत्याचा तुकडा गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, ससा तिला अंग लावून बसतो. आणि कागदावर कुणी लिहीत नाही ते असं की कडक उन्हानं नर काही आठवडे नापीक होतो. मादी दाखवली तरी गाभण राहत नाही आणि लोक मादीला दोष देतात. म्हणून मार्च अखेरीपासून पाऊस पडेपर्यंत नर दाखवूच नका, माद्यांना विसावा द्या. चारच वेतं धरली ती यामुळंच.

पिंजरा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, मादीला एक असा. अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच पुरतो. तळाला अर्धा इंच बाय एक इंच भोकाची वेल्डमेश जाळी, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि पाय अडकत नाही. पिंजऱ्याच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. वाट्या विसरू नका. तांबड्या मुंग्या एका रात्रीत अख्खं वेत संपवतात. मांजर, मुंगूस, साप यांचा बंदोबस्त जाळीनं होतो, मुंग्यांचा फक्त या वाट्यांनी.

मादी पाच-सहा महिन्यांची, सव्वादोन-अडीच किलोची झाली की सकाळी थंड वेळेला तिला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. नराला तिच्याकडं न्यायचं नाही, ती आपल्या घरात त्याला चावते. मिनिटभरात काम होतं, नर एका कुशीवर कलंडतो. बारा-चौदा दिवसांनी मादीच्या पोटाखाली हलका हात घातला तर बोराएवढ्या गोल गाठी बोटांना लागतात, तेव्हा गाभण समजा. पोट दाबू नका. आधी एखाद्या जाणत्याकडून हात लावून घ्या.

सत्ताविसाव्या दिवशी पिंजऱ्यात व्यायची पेटी ठेवा. साधी लाकडी, सव्वा-दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि उंच, आत कोरडं गवत. विण्याच्या आदल्या दिवशी मादी आपल्या पोटाचे केस उपटून त्या पेटीत अंथरते. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, काही रोग झाला म्हणून फोन करतो. रोग नाही, ती पिल्लांची दुलई करत असते. पिल्लं उघडी-नागडी, गुलाबी, डोळे मिटलेली, माणसाच्या बोटाएवढी असतात. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. दिवसातून एकदाच, फार तर दोनदा, दोन-चार मिनिटं ती पेटीत जाऊन पाजते आणि बाहेर येते. बाकी दिवसभर ती पेटीकडं फिरकत नाही, म्हणून 'आई पाजत नाही' असा ओरडा होतो. खरंच पाजते का ते असं बघा. मादीला बाजूला काढा, तिच्याच पेटीतलं गवत हाताला चोळा, केसांची दुलई अलगद उचला. प्यायलेल्या पिल्लाचं पोट टम्म गोल असतं आणि पातळ कातड्याखालून दूध पांढरं दिसतं. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली असते. मेलेलं असेल तर लगेच काढून टाका, बाकीच्यांवर केस परत नीट पांघरा. एका मादीला दहा आणि दुसरीला चार झाली असतील आणि दोघी एका दिवसाच्या फरकानं व्यायल्या असतील, तर दोन-तीन पिल्लं तिकडं सरकवता येतात. दोन माद्या एकाच सकाळी नराला दाखवायच्या त्या याचसाठी.

ससा कधीच कानाला धरून उचलायचा नाही. मानेमागची सैल कातडी एका हातात आणि ढुंगण दुसऱ्या हातावर. लटकता ठेवला तर तो असा काही लाथ झाडतो की स्वतःचाच मणका मोडून घेतो.

खाद्याचा हिशोब मात्र कागद-पेन घेऊन बसून करा. धंदा तरतो की बुडतो ते इथंच ठरतं. समजा कांडी खाद्य किलोला 35 रुपये पडलं. मादीला रोज 150 ग्रॅम, म्हणजे वर्षाला 55 किलोच्या आसपास, जवळजवळ 1,900 रुपये. तिची वर्षाची 20 पिल्लं धरली तर एका पिल्लामागं आईच्या खाद्याचे 95 रुपये. नराचा वाटा 25 धरा. पिल्लू नुसत्या कांडीवर 2 किलोचं करायचं तर साधारण 6 किलो खाद्य जातं, त्याचे 210. झाले 330. औषध, मेलेली पिल्लं, तुमचे कष्ट यात नाहीत. आता हॉटेलवाल्यानं जिवंत सशाला किलोला 150 दिले, तर तुमच्या हातात 300 येणार. म्हणजे प्रत्येक सशामागं तुम्हीच 30 रुपये देणार! विकत खाद्यावर ससा परवडत नाही तो असा.

तेच निम्मं पोट घरच्या चाऱ्यानं भरलं तर खर्च 165 वर येतो आणि सशामागं 135 उरतात. तीन माद्यांची 60 पिल्लं धरली तर वर्षाला 8,000 रुपये. दोन लाख नाहीत, आठ हजार. त्यातही एखादं वर्ष रोगाचं निघतं. पण पिंजरे आणि जनावरं धरून तुमचा घातलेला पैसाही थोडाच असेल, आणि पाटल्या हातात असतील.

चारा तुमच्याकडं होईल. विहिरीला पाणी आहे तोवर दोन गुंठे मेथीघास करा. दशरथ घासाला पाणी कमी लागतं, तो बांधाला लावा. शेवग्याचा पाला ससे आवडीनं खातात. सुबाभळीचा पाला थोडाच घाला, जास्त झाला तर केस गळतात. घास कापल्या कापल्या ओला घालू नका, सकाळी कापून सावलीत सुकवून संध्याकाळी घाला. दवाचा ओला चारा खाल्ला की पोट फुगतं आणि फुगलेला ससा वाचवणं कठीण. पाणी दिवसभर हवं, पाजत्या मादीला तर जास्तच. पहाटे ससा स्वतःच्या मऊ लेंड्या तोंडानं उचलून खाताना दिसेल. खाऊ द्या, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, ती त्याची रीतच आहे.

रोगांत दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात पिल्लांना हगवण लागली, पोट मोठं आणि पाठ वाळलेली दिसली, तर बहुतेक रक्ती हगवणीचा जंतू, कॉक्सिडिया असतो. तळ कोरडा ठेवा आणि दवाखान्यातून औषध आणा. कानात खपली धरली, नाक-पंजे खरबरीत झाले तर खरूज, त्याला डॉक्टरांचं इंजेक्शन लागतं, आणि ती तुमच्या हातांवरही खाज आणते. मेडिकलमधून माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून पाजू नका. अमॉक्सिसिलीनसारखं औषध तोंडावाटे गेलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि मागोमाग ससाही मरतो. गावाकडं शेळी-कोंबडीला जे चालतं ते सशाला चालत नाही, हे नव्या कंपाउंडरलाही सांगावं लागतं.

लेंडीखताचा फायदा कुणी सांगत नाही, मला तो मोठा वाटतो. सशाच्या लेंड्या कोंबडखतासारख्या पिकाला जाळत नाहीत, तशाच मुळाशी टाकता येतात. परसातल्या वांगी-मिरचीला घाला, एका हंगामात फरक दिसेल. हॉटेलवाल्यानं ससा घेतला नाही तरी हे तुमच्या हातात राहतं.

पैशाची सोय करायचीच असेल तर किसान क्रेडिट कार्डाचं विचारा. 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं ती सोय पशुपालनाला लागू केली, त्या यादीत शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडीबरोबर ससाही आहे. ते खेळतं भांडवल आहे, खाद्या-औषधाला. शेड स्वतःची नाहीतर भाड्याची असावी लागते. पण पहिल्या तीन सशांना कर्ज काढू नका. शेळीचं एक करडू विकून जेवढं येईल तेवढ्यातच पिंजरे आणि जनावरं बसवा. कुणी 'अनुदान मिळवून देतो' म्हणून आधी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडं स्वतः जाऊन विचारा.

रविवारी तो माणूस येईल. भांडू नका, चहा द्या. ह्यांनाही घरी थांबायला सांगा. दोघांनी मिळून त्याला तीन गोष्टी मागा. गेल्या वर्षभरात कंपनीनं ज्यांची पिल्लं परत घेतली अशा पाच शेतकऱ्यांची गावं, तुम्ही स्वतः जाऊन भेटाल, त्यानं सोबत यायचं नाही. कंपनी मटण कुणाला विकते त्याचं बिल. आणि करारात एक ओळ, की कंपनीनं 15 दिवसांत पिल्लं उचलली नाहीत तर युनिटची पूर्ण रक्कम परत, त्याला बँकेची हमी. 'आज शेवटचा दिवस, उद्या रेट वाढतोय' असं तो म्हणेल. म्हणू द्या. पाच शेतकरी खरोखर भेटले तर त्यांना एकच विचारा, 'पिल्लांचे पैसे शेवटचे कधी आले?' आणि त्यांच्या पिंजऱ्यात किती ससे पडून आहेत ते स्वतः मोजा.

ससे आणायचे ठरलंच तर पाऊस सरल्यावर आणा, म्हणजे पहिलं वेत थंडीत निघेल आणि उन्हाळ्याआधी तुमचा हात बसेल. शेडची जागा ठरली की मला कळवा. दुपारी तीन वाजता तिथं सावली असते का, तेवढं मात्र आधी बघून ठेवा.